समुद्रकाठचा दीर्घवास: एक धर्मविचार

माणसाने एका जागी किती काळ राहावे, हा प्रश्न वरवर सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. पण भारतीय धर्मपरंपरांनी तो फार पूर्वीपासून आचाराचा आणि मोक्षाचा प्रश्न मानला आहे. संन्याशाने खेड्यात एक रात्र आणि नगरात पाच रात्री यांहून अधिक थांबू नये, असा दंडक धर्मशास्त्रात येतो; गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताच्या लक्षणांमध्ये 'अनिकेत', म्हणजे ज्याला आपले असे घर नाही तो, हे लक्षण सांगितले आहे; आणि महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी अनुयायांना अटनाचा, म्हणजे ओळखीचे गाव सोडून फिरत राहण्याचा, आचारच घालून दिला. याच्या अगदी उलट टोकाला पुंडलिकाची कथा उभी आहे. आईवडिलांची सेवा चालू असताना तो जागचा हलला नाही आणि दाराशी आलेल्या देवालाच त्याने विटेवर थांबायला लावले. छत्रपती संभाजीनगरातील पुंडलिकनगर या वसाहतीचे नाव उच्चारताना मराठी मनाला आठवतो तो हाच पुंडलिक, आणि त्याच शहराच्या उत्तरेच्या डोंगरात, बीबी का मकबऱ्याच्या मागे, भिक्खूंच्या पावसाळी निवासाच्या परंपरेतून आलेली बौद्ध लेणी आहेत. जागचे न हलणे आणि जागेत न गुंतणे या दोन्ही आदर्शांच्या खुणा अशा रीतीने एकाच शहरात सापडतात.

हा जुना प्रश्न आज नव्या रूपाने समोर येतो. समुद्रापासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या पुंडलिकनगरासारख्या पठारावरील वसाहतींत, निवृत्तीनंतर किंवा संगणकावरचे काम कुठूनही करता येते म्हणून, कोकणात वा गोव्यात चार दिवसांऐवजी चार महिने राहण्याचा विचार आता अप्रूपाचा उरलेला नाही. सहलीला गेलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण तो परतीचे तिकीट घेऊनच गेलेला असतो. आणि तिथेच जन्मलेल्याला तो पडत नाही, कारण त्याची शेती, देवस्थान, भाऊबंदकी आणि स्मशान सारे तिथेच असते. दीर्घकाळ राहणारा या दोघांच्या मध्ये असतो. तो पाहुणा म्हणावा तर पाहुणचाराची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते, आणि गावकरी म्हणावा तर गावाच्या कुठल्याच कर्तव्यात त्याचे नाव नसते. अशा माणसाचा धर्म कोणता, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचा सर्वांत नेमका विचार पाली वाङ्मयात सापडतो. अंगुत्तर निकाय हा सुत्तपिटकाचा एक भाग असून त्यात उपदेश संख्येनुसार लावलेले आहेत. त्यातील पंचक निपातात, म्हणजे पाच-पाच मुद्द्यांच्या उपदेशांच्या विभागात, लांब भटकंतीचे पाच तोटे आणि लांब मुक्कामाचे पाच तोटे शेजारी शेजारी दिले आहेत. ठावठिकाणा न ठेवता फिरणाऱ्याला न ऐकलेले ऐकायला मिळत नाही, ऐकलेले स्वच्छ होत नाही, जे कळले त्याविषयी पुरती खात्री वाटत नाही, गंभीर आजार जडतो आणि मित्र राहत नाहीत. उलट बाजूला 'अतिनिवास', म्हणजे प्रमाणाबाहेर एका जागी राहणे, याचे तोटे असे की वस्तूंचा साठा होतो, औषधांचा साठा होतो, कामे आणि उठाठेवी वाढतात, गृहस्थांशी न शोभणारी लगट होते आणि ती जागा सोडताना मन मागे ओढले जाते. लगेच पुढच्या उपदेशात आणखी पाच तोटे येतात, आणि ते सगळे मत्सराचे, म्हणजे आपल्याकडचे दुसऱ्याला लाभू नये या कंजूष वृत्तीचे आहेत. राहत्या जागेविषयी, भिक्षा देणाऱ्या कुटुंबांविषयी, मिळकतीविषयी, स्तुतीविषयी आणि अखेर धम्माविषयीसुद्धा असा माणूस कंजूष होतो. बुद्धांनी शिफारस केली ती 'समवत्थवासा'ची, म्हणजे मापात राहण्याची. पण ते माप दिवसांच्या आकड्यात त्यांनी तिथे सांगितले नाही, आणि ते न सांगण्यातच या उपदेशाची खोली आहे असे म्हटले पाहिजे.

या यादीतले वास्तव मुळीच जुने झालेले नाही. समुद्रकाठी भाड्याच्या खोलीत राहायला येणारा माणूस एक बॅग घेऊन येतो. पंधरवड्यात मच्छरदाणी आणि दोरी येते, महिन्याभरात गॅसची शेगडी आणि दोन भांडी, मग वेताची खुर्ची, मग दमट हवेत कपड्यांना बुरशी धरते म्हणून पत्र्याची पेटी. औषधांची पिशवीही फुगते, कारण घामोळे, अपचन आणि पायाला लागलेला शिंपला यांवरचे उपाय एकेक करून जमत जातात. त्यानंतर 'माझी' खानावळ, 'माझा' खडक, 'माझी' संध्याकाळची जागा असे शब्द तोंडी बसतात, आणि नवा पाहुणा त्या खडकावर बसलेला दिसला की कपाळाला आठी पडते. जागेच्या कंजूषपणासाठी पालीत 'आवासमच्छरिय' अशी संज्ञा आहे. जी जागा कधी आपली नव्हतीच तिच्याविषयी हा दोष जडावा, हे समुद्रकाठच्या दीर्घवासाचे खास दुखणे होय.

किनाऱ्यावरचे रोजचे जीवन मात्र या माणसाच्या घड्याळाने चालत नाही. कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, म्हणजे चतुर्थीला सुमारे तीन वाजता आणि अष्टमीला सुमारे सहा वाजता पाणी चढलेले असते. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, म्हणून सोमवारी दुपारी मोकळी असलेली पुळण शुक्रवारी त्याच वेळी पाण्याखाली असते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती सर्वांत मोठी येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढउतार मंदावतो, तो भांगाचा काळ. होडी केव्हा लोटायची, खाडीतून केव्हा आत यायचे, कालवे काढायला खडकावर केव्हा जायचे, हे सारे या हिशेबावर ठरते. उपोसथ, म्हणजे बौद्ध उपासकांनी विशेष शीले पाळण्याचा आणि भिक्खूंनी नियमांचे सामुदायिक पठण करण्याचा दिवस, हाही चंद्रावरच बांधलेला आहे. पंधरवड्याचा शेवट आणि अष्टमी हेच त्याचेही दिवस आहेत. किनाऱ्यावर उपोसथ पाळणाऱ्याला म्हणून वेगळे पंचांग बघावे लागत नाही. त्याच्या व्रताचा दिवस आणि उधाणाचा दिवस एकाच चंद्राच्या हाती असतो.

दुसरी गोष्ट पावसाची. मे संपता संपता होड्या वर ओढल्या जातात, झापांनी किंवा प्लास्टिकने शाकारल्या जातात, आणि समुद्र बंद होतो; आजच्या शासकीय नियमाप्रमाणेही यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीची बंदी असते, आणि परंपरेने नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावरच दर्यात जायचे असते. याच चंद्राच्या हिशेबात वर्षावास बसतो. भिक्खू पावसातही फिरतात, कोवळे अंकुर आणि बारीक जीव पायाखाली तुडवतात, पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केल्यावर बुद्धांनी पावसाचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला, असे विनयपिटकाच्या, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्गात सांगितले आहे. म्हणजे वर्षावासाचा उगम भिक्खूच्या विश्रांतीत नाही, तर ज्या भूमीवरून तो चालतो तिच्या हक्कात आहे. आषाढ पौर्णिमेनंतर बसायचे, काही निकडीचे कर्तव्य आले तर सात दिवसांच्या आत परत यायचे, आणि तीन महिने पुरे झाल्यावर आश्विन पौर्णिमेच्या सुमारास पवारणा करायची, असा त्याचा क्रम आहे. पवारणा हा विधी या साऱ्या विचाराचे मर्म आहे. निघण्याआधी प्रत्येक भिक्खू सोबत्यांसमोर बसतो आणि आपल्या वागण्यात त्यांना जो दोष दिसला असेल, ऐकू आला असेल किंवा ज्याची शंका आली असेल, तो करुणेने सांगावा अशी विनंती करतो. दोष सांगण्याचा अधिकार धाकट्यालाही आहे आणि ऐकण्याचे बंधन थोरल्यावरही आहे.

दीर्घवासाचे माप कोणते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. किती दिवस राहिले हे माप नव्हे. जिथे राहिले तिथल्या माणसांना आपला दोष सांगण्याचा अधिकार दिला होता की नाही, हे माप आहे. जो हा अधिकार देत नाही त्याचा एका आठवड्याचा मुक्कामही अतिनिवास ठरतो. जो देतो त्याचे चाळीस वर्षांचे राहणेही मापातले असू शकते.

किनाऱ्यावरच्या अशा वासाचे बौद्ध वाङ्मयातील सर्वांत मोठे उदाहरण कोकणाचेच आहे. मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात (क्रमांक 145) पुण्ण नावाचा भिक्खू बुद्धांकडे थोडक्यात उपदेश मागतो, आणि मग आपण सुनापरंत देशात राहायला जाणार असल्याचे सांगतो. सुनापरंत म्हणजे अपरान्त, पश्चिम किनाऱ्याचा कोकणपट्टा, आणि त्याचे मोठे बंदर सुप्पारक म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा, असे बहुतेक अभ्यासक मानतात; अट्ठकथेनुसार, म्हणजे सुत्तांवरील जुन्या पाली भाष्यानुसार, पुण्ण मुळात तिथल्याच व्यापारी घराण्यातला. सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आणि 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उकरून त्यातला धातुकरंडक बाहेर काढला, हे या ओळखीला बळ देणारे आहे.

या सुत्ताचा उत्तरार्ध प्रसिद्ध आहे. सुनापरंतचे लोक तापट आणि राकट आहेत, ते तुला शिव्या देतील, असे बुद्ध म्हणतात. तेव्हा पुण्ण उत्तर देतो की ते हाताने मारत नाहीत एवढे ते भले आहेत असे मी मानीन. हाताने मारले तर? ढेकळे मारली तर? काठीने, शस्त्राने मारले तर? प्रत्येक पायरीवर पुण्ण त्या लोकांच्या भलेपणाकडेच बोट दाखवतो, आणि जीवच घेतला तरी जिवाला कंटाळलेल्यांना जे शोधावे लागते ते आपल्याला आयते मिळाले असे म्हणतो. मात्र सुत्ताचा पूर्वार्ध वाचक सहसा घाईने ओलांडतात, आणि समुद्रकाठी राहणाऱ्यासाठी खरा उपदेश तिथे आहे. तिथे बुद्ध राकट माणसांविषयी बोलत नाहीत. ते आवडणाऱ्या रूपांविषयी, सुरेल आवाजांविषयी, सुखद गंधांविषयी आणि स्पर्शांविषयी बोलतात. मनोहर रूप डोळ्यांना दिसले, माणूस त्यात रमला, त्याचे स्वागत करून त्याला चिकटला, की 'नंदी' म्हणजे हवेपणाचा आनंद उपजतो, आणि नंदीच्या पाठोपाठ दुःख येते. हा क्रम अर्थपूर्ण आहे. शत्रुत्व सोसण्याची तयारी पुण्णाला विचारून पाहिली गेली. सुखाला चिकटू नये हे मात्र न विचारता आधीच सांगितले गेले. वारा, माडांची सावली, सूर्यास्त आणि लाटांचा नाद यांनी भरलेल्या प्रदेशात जाणाऱ्याला लोकांच्या शिव्यांपेक्षा या गोष्टींपासून अधिक सावध करावे लागते, हा अनुभव पुष्कळांना उशिरा येतो.

अट्ठकथेत पुण्णाने जागा कशी शोधली त्याचे वर्णन आहे, आणि ते अत्यंत व्यवहारी आहे. आधी तो अंबहत्थ पर्वतावर राहिला, पण तिथे भावाने ओळखल्यावर तो निघाला. मग समुद्रगिरी विहारात आला. तिथल्या चंक्रमाला, म्हणजे ध्यान करत फिरण्याच्या वाटेला, लोहचुंबकी दगडांची सीमा होती आणि त्या दगडांवर समुद्राच्या लाटा आदळून मोठा आवाज होई. ध्यान करणाऱ्यांना सुख व्हावे म्हणून पुण्णाने संकल्पाने समुद्र शांत केला अशी कथा येते. तिथून तो मातुलगिरीवर गेला. तिथे पाखरांचे थवे एवढे की रात्रंदिवस आवाज थांबत नसे, म्हणून ती जागाही सोडली. अखेर मकुलकाराम नावाच्या विहारात तो स्थिरावला. ही जागा व्यापाऱ्यांच्या गावापासून फार दूर नव्हती आणि फार जवळही नव्हती, जाण्यायेण्याला सोयीची होती, आणि तरी एकांताची, कमी आवाजाची होती. इथे त्याने रात्री बसण्याची जागा, दिवसा बसण्याची जागा आणि चंक्रम तयार करवले आणि वर्षावास धरला. ज्याच्या संकल्पाने समुद्र गप्प होतो त्यालाही पाखरांमुळे जागा बदलावी लागते, ही या कथेतली खरी शहाणपणाची गोष्ट आहे. निसर्गरम्य जागा आणि साधनेला अनुकूल जागा या एक नव्हेत, आणि अनुकूलतेत गावाचा हाकेइतका शेजार मोडतो, हे अट्ठकथाकाराने ओळखले होते.

सुत्त सांगते की त्याच वर्षावासात पुण्णाने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका यांना धम्मात आणले आणि स्वतःही त्याच काळात अंतिम ज्ञान मिळवले. पाचशे हा आकडा पाली वाङ्मयात 'पुष्कळ' याच अर्थाने वारंवार येतो, तेव्हा तो मोजदाद म्हणून घेऊ नये. महत्त्वाचे ते एवढेच की तीन महिन्यांत तो भूमीचा झाला, आणि त्याचे आत्मज्ञान आणि गावाशी जुळलेले नाते ही दोन निरनिराळी कामे नव्हती.

यानंतर इतिहासात एक विलक्षण योग आला. ब्रह्मदेशातील परंपरा सुनापरंत हा देश आपल्याच भूमीत, इरावतीच्या पश्चिमेला, असल्याचे मानते, आणि ब्रह्मी राजांच्या बिरुदांत 'सुनापरंत आणि तंबदीप यांचा स्वामी' असे शब्द येत. या बिरुदाचा अखेरचा धनी थिबा राजा. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला आणि राणी सुपयालतला प्रथम मद्रासला नेले, आणि एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. सुनापरंताचा स्वामी म्हणवणारा राजा अशा रीतीने खऱ्या अपरान्तात बंदी म्हणून आला आणि तीस वर्षांहून अधिक काळ राहून डिसेंबर 1916 मध्ये तिथेच मरण पावला. रत्नागिरी निवडण्यामागे इंग्रजांचा हेतू उघड होता: तिथे रेल्वे नव्हती, घाटाचे रस्ते अवघड होते आणि पावसाळ्यात किनाऱ्याची बोटवाहतूक बंद पडे. म्हणजे वर्षावासात भिक्खू जो एकांत स्वीकारतो तोच येथे तुरुंगाची भिंत म्हणून वापरला गेला. 1858 मध्ये बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला धाडणाऱ्या सत्तेने हाच हिशेब उलट दिशेने पुन्हा मांडला.

थिबा बौद्ध धर्माला परका नव्हता. गादीवर येण्यापूर्वी तो विहारात शिकला होता आणि 1877 मध्ये पालीची अवघड परीक्षा त्याने मानाने पार केली होती. अतिनिवासाचे दोष सांगणारे वाङ्मय त्याच्या अभ्यासकक्षेबाहेरचे नव्हते. असे असून रत्नागिरीतला त्याचा काळ धर्मदृष्ट्या एवढा ओसाड का दिसतो, हा प्रश्न टाळता येत नाही. सरकारी पत्रव्यवहारात दिसतात ती भत्त्याची मागणी, कर्ज, हिरेमाणके विकणे आणि घर बदलून मागणे. 1910 मध्ये भाट्याची खाडी आणि समुद्र दिसणाऱ्या उंचवट्यावरचा मोठा राजवाडा त्याला राहायला मिळाला, तोवर बराच काळ उलटून गेला होता. मापापेक्षा अधिक वस्तू, अधिक उठाठेवी आणि न सुटणारी ओढ, ही अतिनिवासाची यादी इथे ओळीने भरून निघते. पण दोष एकट्या राजाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. वर्षावासाला शेवट असतो. या वासाला नव्हता. पवारणेला बरोबरीची माणसे लागतात; त्याच्याभोवती होते ते नोकर, ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती, आणि पहारेकरी अधिकारी, ज्यांना ऐकवण्याची गरज वाटत नव्हती. राजाच्या चुका टिपून वर कळवल्या जात, परंतु कळवण्याला पवारणा म्हणत नाहीत. पवारणेत दोष ज्याचा त्यालाच, त्याने विनवल्यावर आणि त्याच्या हितासाठी सांगितला जातो. देखरेखीत तो त्याच्या पाठीमागे, त्याला आवरण्यासाठी लिहिला जातो. 1879 मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातील अनेक नातलगांची जी हत्या झाली, तिचे ओझे घेऊन आलेल्या माणसाला तर असे ऐकवणारे आणि ऐकून घेणारे सोबती सर्वांत अधिक हवे होते. ते त्याला मिळू दिले गेले नाहीत.

त्या घरातून रत्नागिरीशी खरे नाते जोडले ते थोरल्या राजकन्येने, आणि तेही कोणत्याही धर्मोपदेशाने नव्हे. राजवाड्यावर चाकरीस असलेल्या गोपाळ सावंत या मराठी माणसापासून तिला मुलगी झाली. ही मुलगी, टुटू, रत्नागिरीतच मराठी बोलत वाढली, तिने तिथल्या गरिबीत संसार केला आणि ती 2000 मध्ये तिथेच वारली. राजाच्या मृत्यूनंतर कुटुंब ब्रह्मदेशी परतले तेव्हा ही राजकन्याही गेली, पण ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये तिचा शेवट तिथेच झाला. त्या काळच्या दोन्ही समाजांनी या नात्याकडे नाक मुरडून पाहिले. तरीही एवढे म्हटलेच पाहिजे की राजवाड्याच्या आत ज्यांनी तीस वर्षे समुद्र पाहिला त्यांच्यापेक्षा फाटकाबाहेर पाऊल टाकणारी ही स्त्री रत्नागिरीत अधिक राहिली. गाव तिला बोल लावू शकत होते, आणि तिने ते ऐकून घेतले.

सक्तीचा वास नेहमी असाच वांझ ठरतो असे नाही. विनायक दामोदर सावरकर 1924 पासून 1937 पर्यंत याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते; राजकारण बंद असताना त्यांनी गावाच्याच दुखण्याला, अस्पृश्यतेला, हात घातला आणि भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने 1931 मध्ये सर्व जातींना खुले पतितपावन मंदिर उभे राहिले. त्यांच्या इतर मतांविषयी कोणी काहीही म्हणो, बंदिस्त जागेला त्यांनी कर्तव्याची जागा केली हे नाकारता येत नाही. स्वेच्छेच्या वासाचे उदाहरण त्याहून शांत आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेस पावस येथे स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांनी आजारातून उठल्यावर देसाई कुटुंबाच्या घरात सुमारे चाळीस वर्षे काढली. 'अभंग ज्ञानेश्वरी' त्यांनी याच घरात राहून रचली. दुसऱ्याच्या घरात चाळीस वर्षे राहणे ही अतिनिवासाची परिसीमाच वाटावी. परंतु वस्तू वाढल्या नाहीत, उठाठेव वाढली नाही, आणि ज्या घराच्या अन्नावर ते राहिले त्या घराचे ते ओझे झाले नाहीत. पुंडलिकाच्या जागी राहण्याचे आणि अनिकेत वृत्तीचे भांडण अशा जीवनात उरत नाही, कारण न हलणारा देह आणि न चिकटणारे मन यांत मुळातच विरोध नाही.

आजच्या किनाऱ्यावर ही कसोटी लावली तर चित्र फारसे सुखद दिसत नाही. 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून गोव्यात हणजूण, हरमलसारख्या गावांत परदेशी माणसे महिनोन्‌महिने राहू लागली. आता देशी माणसेही तशीच राहतात, आणि कोकणात घरे बांधून ठेवतात. शांतीच्या शोधात आलेला हा वर्ग ध्यान करतो, योगासने करतो, साधे जेवतो. त्याच्या साधेपणावर शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्याच्या एकांताविषयी. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा एक होडी अर्धवर्तुळात जाळे टाकून येते आणि दोन्ही टोकांचे दोर धरून माणसे किनाऱ्यावरून ते तास-तासभर खेचत राहतात. वाळूत टाचा रुततात, दोराने तळहात सोलतात, आणि मासळीचे वाटे पडतात तेव्हा दोराला हात लावलेल्यालाही थोडे देण्याची रीत आहे. दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी बहुतेक जण त्या वेळी मोबाइल काढून छायाचित्र घेतात. दोर धरला असता तर कोणी तरी त्यांना सांगितले असते की पाय चुकीचा पडतो आहे, की त्यांच्या खोलीचे सांडपाणी होड्या लावायच्या जागेवर येते, की रात्रीच्या गाण्यांनी पहाटे दर्यात जाणाऱ्यांची झोप मोडते. छायाचित्र घेणाऱ्याला हे कोणी सांगत नाही; त्याला 'सर' म्हणतात आणि भाडे घेतात.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पवारणा संघात, म्हणजे एकच नियम मानणाऱ्यांच्या समूहात होते. भाडेकरू आणि घरमालक, पाहुणा आणि मासे विकणारी बाई यांच्यात असा समान नियम कोठून आणायचा, आणि ज्याचे पोट भाड्यावर आहे तो खरे कशाला बोलेल? हा अडथळा खोटा नाही. पण गृहस्थांनी वर्षावास आपलासा केल्याचे उदाहरण महाराष्ट्रात डोळ्यांसमोर आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत छत्रपती संभाजीनगरसह राज्यभरातील विहारांत आणि वस्त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर कामावर जाणारी, चीवर म्हणजे भिक्खूंचे वस्त्र न घातलेली माणसे संध्याकाळी एकत्र बसतात. भिक्खूंचा नियम गृहस्थांनी जशाच्या तसा उचलला नाही. त्याचा गाभा घेऊन त्यांनी तो आपल्या परिस्थितीत बसवला. पवारणेचेही तसे करता येईल. पैशाचे व्यवहार संपल्यावर, अनामत परत मिळाल्यावर, म्हणजे बोलणाऱ्याला तोटा होण्याचे कारण उरले नसताना विचारले, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता नक्कीच वाढते.

म्हणून पुंडलिकनगरातून किंवा आणखी कुठून समुद्रकाठी काही महिने राहायला जाणाऱ्या प्रत्येकाने, निघण्याच्या आदल्या दिवशी, ज्या घरात तो राहिला त्या घरच्या बाईला, शेजारच्या होडीवाल्याला आणि रोज मासळी देणाऱ्या बाईला बसून विचारावे की आपल्या राहण्यात त्यांना काय खुपले, आपल्याविषयी गावात काय ऐकू आले आणि कशाची शंका आली. जे सांगितले जाईल ते समर्थन न करता ऐकावे, भरून देण्यासारखे असेल ते त्याच दिवशी भरून द्यावे, आणि मगच गाडीत सामान टाकावे.